कोलारच्या खाणीतील न्यूट्रिनो



चाकणहून नाशिक रस्त्याने निघाले की खेड आणि मंचर मागे पडतात, मग नारायणगाव येते, आणि तेथून आत वळले की खोडद. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड ताटल्या आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांनी मुलांना नेऊन दाखवल्या असतील. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तेथे शाळांची रीघ लागते. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० ताटल्या त्या परिसरात दूरवर पसरलेल्या आहेत. ही दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. आज सांगणार आहे ती हकीकत ह्याच संस्थेची आहे, पण आकाशाकडे पाहण्याची नव्हे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, ह्या संस्थेची माणसे एका कणाची वाट पाहत बसली होती, त्याची ही कथा.

तो कण म्हणजे न्यूट्रिनो. नाव परके आहे, पण वस्तू परकी नाही. सूर्याच्या पोटात जी उष्णता तयार होते तिच्याबरोबरच हे कण निर्माण होतात आणि सर्व दिशांना धावत सुटतात. आपल्या अंगठ्याच्या नखावर बोट ठेवा. तेवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार जात आहेत. तुम्ही म्हणाल, हे दिवसा ठीक, रात्री काय? रात्रीही तेवढेच! सूर्य पृथ्वीच्या पलीकडे गेला तरी ते कण सारी पृथ्वी ओलांडून आपल्या पायांकडून वर निघून जातात. चाकणच्या कारखान्यांत पत्रा कापायचा तर शेकडो टनांचा प्रेस लागतो, हे तेथे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. न्यूट्रिनोला पत्राच काय, अख्खी पृथ्वी आडवी आली तरी अडसर होत नाही. त्याला विद्युतभार नाही, वजन जवळजवळ नाही, आणि इतर पदार्थांशी त्याचा व्यवहार इतका क्वचित होतो की त्याचे येणे-जाणे कळतच नाही. आपल्याला त्याच्यापासून अपाय होत नाही तोही याच कारणाने.

मग असा कण आहे हे कळले कसे? ते कळले हिशोबातल्या तुटीवरून. काही अणूंच्या केंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्या वेळी किती ऊर्जा खर्ची पडली आणि किती हाती आली याचा जमाखर्च मांडला की दर वेळी काहीतरी कमी भरे. दुकानदाराच्या गल्ल्यात रोज थोडे कमी भरू लागले तर तो म्हणतो, कोणीतरी नेते आहे. वुल्फगांग पाउली या शास्त्रज्ञाने तेच म्हटले. ४ डिसेंबर १९३० रोजी जर्मनीत ट्यूबिंगन येथे जमलेल्या आपल्या सहकाऱ्यांना त्याने एक पत्र पाठवले, आणि डोळ्यांना न दिसणारा, भार नसलेला एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा, असा तर्क मांडला. मौज अशी की सभेला तो स्वतः गेला नाही, कारण झुरिकमध्ये नृत्याचा समारंभ होता आणि तो त्याला चुकवायचा नव्हता. पुढे एन्रिको फर्मीने ह्या कणाला नाव दिले आणि सिद्धांतात जागा दिली. प्रत्यक्ष पुरावा मिळायला २६ वर्षे लागली. १९५६ साली अमेरिकेत रायनेस आणि कोवन या दोघांनी अणुभट्टीजवळ यंत्र मांडून न्यूट्रिनो पकडला.

परंतु तो माणसाने चालवलेल्या भट्टीतला न्यूट्रिनो होता. निसर्गात आपोआप तयार होणारा न्यूट्रिनो अजून कोणी पाहिलेला नव्हता. आता येथे आपल्या देशाचा संबंध येतो.

आकाशातून विश्वकिरणांचा अखंड मारा पृथ्वीवर होत असतो. ते हवेच्या वरच्या थरांवर आदळले की त्यांतून म्यूऑन नावाचे कण आणि त्यांच्याबरोबर न्यूट्रिनो निघतात. हे म्यूऑन इतके आहेत की उघड्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक जातो. न्यूट्रिनो खडकातल्या एखाद्या अणुकेंद्रावर क्वचित आदळलाच तर तेथूनही एक म्यूऑन उडतो, आणि यंत्राला दिसतो तो हाच. पण आकाशातून पडणाऱ्या असंख्य म्यूऑनांत हा एक ओळखायचा कसा? चाकणच्या कांदाबाजारात टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यासारखे ते आहे. उपाय एकच. बाजारापासून दूर जायचे. म्हणजे जमिनीत इतके खोल उतरायचे की वरून येणारे म्यूऑन खडकात थांबून जातील आणि न्यूट्रिनो तेवढा येत राहील.

असे खोल विवर भारतात तयार होते. कोलारला १८८० पासून जॉन टेलर या इंग्रज कंपनीने आधुनिक पद्धतीने खाणी खोदायला आरंभ केला होता. ह्या खाणींसाठी १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून वीज आणली गेली. देशात इतक्या दूरवर वीज वाहून नेण्याचा तो पहिलाच मोठा प्रयोग होता. १९५६ साली खाणी म्हैसूर सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांतली चँपियन रीफ ही खाण ३ किलोमीटरांहून खोल गेलेली, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. खाली जावे तसा खडक तापत जातो आणि वरच्या भाराने अचानक फुटतो. अशा स्फोटांत कामगारांचे बळी गेलेले आहेत. विज्ञानासाठी हे विवर कोणी खोदले नव्हते. ते सोन्यासाठी खोदले, आणि ज्यांनी ते खोदले त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नाहीत. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे डाचल्याशिवाय राहत नाही.

डॉ. होमी भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक. १९४५ साली त्यांनी टाटा संस्था स्थापन केली. १९४८ साली बी. व्ही. श्रीकंठन हा तरुण तेथे दाखल झाला. त्याच्यावर भाभांनी कामगिरी सोपवली ती कोलारला जाऊन वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजण्याची. १९५०च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेले हे मोजमाप टप्प्याटप्प्याने खोल उतरत गेले. १९६०च्या सुमारास जपानचे मियाके आणि आपले नरसिंहम् व रमण मूर्ती यांनी सुमारे २.७५ किलोमीटर खोलीवर यंत्र मांडले. जवळजवळ दोन महिने ते चालू ठेवले, आणि एकही म्यूऑन आला नाही.

दोन महिने बसून काहीच हाती न लागणे याला आपण व्यवहारात अपयश म्हणतो. पण याच रिकाम्या नोंदवहीने पुढचे दार उघडले. एवढ्या खोलीवर बाजाराचा गलका पूर्ण थांबतो हे सिद्ध झाले. आता तेथे एखादा म्यूऑन आलाच तर तो न्यूट्रिनोनेच धाडलेला असणार!

मग १९६४-६५ मध्ये टाटा संस्था, जपानातील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठ यांनी मिळून चँपियन रीफमध्ये २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रे उभी केली. आपल्याकडून मेनन, श्रीकंठन, रमण मूर्ती, नरसिंहम् आणि आचार. जपानचे मियाके आणि हिनोतानी. डरॅमचे वुल्फेंडेल आणि त्यांचे सहकारी. यंत्र म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या समोरासमोर उभ्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये कणाची वाट दाखवणाऱ्या निऑनच्या नळ्यांच्या ओळी. भिंती उभ्या ठेवण्यात एक युक्ती होती, बरं का. डोक्यावरचा खडक २.३ किलोमीटर जाड. पण तिरके पाहावे तसा खडक कित्येक पटींनी जाड होत जातो. तेव्हा वरून चुकूनमाकून एखादा म्यूऑन पोचलाच तर तो उभा येईल. आडवा आलेला म्यूऑन मात्र वरचा पाहुणा असूच शकत नाही. तो जवळच्या खडकात न्यूट्रिनोने जन्माला घातलेला.

१९६५च्या एप्रिलमध्ये असा पहिला म्यूऑन नोंदला गेला.

आता एक गोष्ट शिक्षकबंधूंनी नीट ध्यानात ठेवावी, कारण मुलांपुढे ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत रायनेस, म्हणजे १९५६ सालचे तेच, असाच प्रयोग करीत होते. त्यांच्या यंत्रात पहिली नोंद झाली २३ फेब्रुवारी १९६५ रोजी, म्हणजे कोलारच्या आधी. पण कोलारचा निबंध संपादकांकडे पोचला १२ जुलैला आणि छापून आला १५ ऑगस्ट १९६५ला. रायनेस यांचा पोचला २६ जुलैला आणि छापून आला ३० ऑगस्टला. म्हणजे पाहिला प्रथम त्यांनी, आणि जगाला छापून प्रथम सांगितले आपण. दोन्ही तारखा सांगितल्याने आपला मान कमी होत नाही, आणि एक लपवल्याने वाढत नाही. पुढल्याच वर्षी, २४ जानेवारी १९६६ला, भाभा विमान अपघातात गेले. आपण पंधरा वर्षांपूर्वी सुरू करून दिलेले काम फळाला आलेले पाहणे त्यांना लाभले, एवढेच समाधान.

इकडे कोलारमध्ये ही वाट पाहणे चालू असताना जगात न्यूट्रिनोविषयी दुसरेच कोडे उभे राहिले होते. १९६२ साली न्यूट्रिनो एका प्रकारचा नसून निदान दोन प्रकारचा आहे हे अमेरिकेत सिद्ध झाले. पुढे तिसराही सापडला. एक इलेक्ट्रॉनचा सोबती, एक म्यूऑनचा, एक टाऊ नावाच्या कणाचा. अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी होमस्टेक नावाच्या, तीही सोन्याचीच, खाणीत कपडे धुण्याच्या द्रवाची सुमारे ३ लाख ८० हजार लिटरची टाकी ठेवून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले. गणिताने यायला हवेत त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच आले. बाकीचे गेले कोठे?

उत्तर असे निघाले की ते हरवले नव्हते, वाटेत त्यांचा प्रकार बदलला होता. आपल्या गावांत बहुरूपी येत असे, आज पोलीस तर उद्या साधू, तसे काहीसे. मात्र बहुरूपी आपल्या मर्जीने वेश पालटतो, न्यूट्रिनोचे पालटणे नेमक्या हिशोबाने होते. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात, पण किंचित फरकाने लावल्या तर आवाज एकसारखा येत नाही; तो हळूहळू चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. देहू-आळंदीच्या परिसरात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणत्याही भजनी माणसाने हे ऐकलेले असेल. स्वरांतला फरक जितका कमी तितका हा हेलकावा संथ. दोन्ही तारा अगदी एक झाल्या की हेलकावा नाहीच. प्रत्येक न्यूट्रिनो हा तीन वेगवेगळ्या वजनांच्या घटकांचे मिश्रण असतो. वजने किंचित वेगळी, म्हणून त्या घटकांच्या लहरी एकमेकींच्या मागेपुढे होतात, आणि काही अंतर गेल्यावर मिश्रणाचे रूप पालटते. निघताना म्यूऑनचा सोबती, पोचताना टाऊचा. यालाच न्यूट्रिनोचे आंदोलन म्हणतात. आता उलट बाजूने पाहा. हेलकावा ऐकू आला तर तारांमध्ये फरक असलाच पाहिजे. तसे आंदोलन दिसले तर न्यूट्रिनोंची वजने वेगवेगळी असलीच पाहिजेत, म्हणजे त्यांना वजन आहे. तोपर्यंत मान्य असलेल्या सिद्धांतात त्यांचे वजन शून्य धरलेले होते.

आंदोलनाची कल्पना १९५७ साली पॉन्टेकोर्व्हो यांनी सुचवली, आणि १९६२ साली जपानच्या माकी, नाकागावा व साकाता यांनी मिश्रणाची कल्पना मांडली. पुरावा आला जून १९९८ मध्ये, जपानातल्याच कामिओका खाणीतून. तेथे १,००० मीटर खोलीवर ५०,००० टन पाण्याची टाकी होती. त्यात दिसणारे न्यूट्रिनो कोलारच्याच जातीचे, हवेत जन्मलेले. डोक्यावरून येणाऱ्यांचा प्रवास सुमारे १५ किलोमीटरांचा. पृथ्वीच्या पलीकडून, पायाखालून येणाऱ्यांचा सुमारे १३,००० किलोमीटरांचा. डोक्यावरचे म्यूऑन-न्यूट्रिनो जवळजवळ हिशोबाप्रमाणे आले, पायाखालचे निम्मे भरले. लांबच्या वाटेत निम्म्यांनी रूप पालटले होते. ह्या कामाबद्दल ताकाआकी काजिता यांना, आणि सूर्याच्या न्यूट्रिनोंचे कोडे सोडवल्याबद्दल कॅनडाच्या आर्थर मॅकडॉनल्ड यांना, २०१५चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग कोलारचे काय झाले? १९८० साली तेथे १४० टन लोखंडाचे नवे यंत्र बसले होते. पण सोने कमी होत गेले, खाण तोट्यात गेली आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी प्रयोग आवरते घ्यावे लागले. खाण बंद झाली २८ फेब्रुवारी २००१ रोजी. होय, विज्ञानदिनीच. पंप थांबले आणि विवरांत पाणी भरले. खाण चालू राहती तर १९९८चा शोध आपल्याकडेच लागला असता असे काहीजण बोलून जातात. मला ते पटत नाही. कोठे १४० टन आणि कोठे ५०,००० टन! परंतु खोल जागा गेली, आणि तेथे पिढीजात उतरणारे हात गेले, हे नुकसान खरेच. अमेरिकेतील होमस्टेक खाणही २००२ साली बंद झाली, तिच्यातही पाणी भरले. तेथे मात्र ते उपसून काढले, आणि आज त्याच खाणीत १,३०० किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेतून धाडलेले न्यूट्रिनो पकडण्यासाठी नवी दालने खोदलेली आहेत.

आपल्याकडे पुन्हा मुंबईच्याच शास्त्रज्ञांनी पुढाकार घेतला. टाटा संस्था आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्यासह देशातील अनेक संस्थांनी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची योजना आखली. तिचे यंत्र ५०,००० टन लोखंडाचे. एका मोटारीला एक टन धरा; चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या ५०,००० मोटारींएवढे लोखंड, पाट्यांच्या दीडशे थरांत रचलेले, आणि ते सबंध चुंबक केलेले. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो लोखंडावर आदळले की त्यांच्यातून निघणारे म्यूऑन चुंबकामुळे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना वळतात, म्हणून कोण आला हे ओळखता येते. प्रश्न असा की तीन वजनांपैकी सर्वांत जड कोणते, याचा क्रम अजून ठरलेला नाही, आणि पृथ्वीच्या पोटातून येताना दोघांच्या वागण्यात जो फरक पडतो त्यावरून तो ठरवता येतो. ह्याच संस्थेतले अमोल दिघे यांनी स्मिर्नोव्ह यांच्याबरोबर २००० साली दाखवले की एखादा तारा फुटला तर त्याच्या न्यूट्रिनोंवरूनही हा क्रम ओळखता येईल. दिघ्यांना २०१३चे भटनागर पारितोषिक मिळाले.

यंत्रासाठी प्रथम निलगिरीत जागा पाहिली. वाघांच्या राखीव जंगलामुळे २००९ साली ती नाकारली गेली. मग तमिळनाडूत तेनी जिल्ह्यातील बोडी डोंगर ठरला. खाण नव्हे, तर डोंगरात आडवा बोगदा. चोहोबाजूंनी एक किलोमीटरहून जाड खडक. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १,५०० कोटी रुपयांस मान्यता दिली. तेथून पुढे मात्र न्यायालय, हरित लवाद आणि आंदोलने. २०२२ साली तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदवला.

ह्या विरोधात दोन गोष्टी मिसळून गेल्या आहेत, त्या निवडून घ्याव्यात. न्यूट्रिनोमुळे पिके जळतील, किरणोत्सर्ग होईल, ही भीती निराधार आहे. ते कण बोगदा नसला तरी तेवढेच येत आहेत. पण डोंगरात सुरुंग लागणार, झऱ्याचे पाणी वळेल का, जंगलाचे काय, जवळच्या धरणांचे काय, ही भीती अडाणीपणाची नाही. सुरुंग काय करतो हे चाकणकरांना १६६० सालापासून माहीत आहे; शाहिस्तेखानाने किल्ल्याचा बुरूज त्यानेच उडवला. आणि विज्ञानासाठी गावाला काय सोडावे लागते हेही आपल्याला ठाऊक आहे. खोडदच्या दुर्बिणीला शांतता हवी म्हणून जुन्नर भागात कारखान्यांवर बंधने आली, पुणे-नाशिक लोहमार्गाची आखणी तिच्यापाशी अडली. चाकण-महाळुंग्यात ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या त्यांना तर हे मी सांगायला नको. शास्त्रज्ञांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा दिले. दुसऱ्याचे उत्तर गावकऱ्यांना पटेल अशा रीतीने, त्यांच्या भाषेत, त्यांच्या चावडीवर, वेळेवर दिले गेले नाही, असे माझे मत आहे.

दरम्यान जग थांबलेले नाही. २०२५ साली चीनमध्ये २०,००० टन द्रवाचे जूनो नावाचे यंत्र सुरू झाले. ते वजनांच्या क्रमाचाच प्रश्न सोडवायला निघाले आहे. आपल्याकडे तुर्भ्याला ध्रुव अणुभट्टीशेजारी प्रतिन्यूट्रिनो टिपण्याचे काम चालते. आणि मदुराईला मोठ्या यंत्राची ८५ टनांची लहान प्रतिकृती २०१८ साली उभी राहिली. लोखंडाच्या पाट्या, चुंबक, मधले काचेचे थर, सारे तसेच. फक्त ती डोंगराखाली नाही, उघड्या जमिनीवर आहे. म्हणून तिच्यात दिसतात ते आकाशातून पडणारे म्यूऑन.